पाव आटा

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ मूर्खपणे झाले आणि त्यातले बरेचसे मी आवडीने केले. लग्न होऊन महिना झाला नसेल, तेव्हा नवऱ्याच्या साहेबांना मी मीटर पाहायला आलेला माणूस समजले, त्यांच्यापुढे स्टूल ठेवलं आणि "वरती आहे, सांभाळून चढा" असं सांगितलं. साहेब चढलेही होते. असल्या गोष्टी रंगवून मी अजून महिला मंडळातल्या बायकांना हसवते. एक गोष्ट मात्र तिथे सांगत नाही, कारण तिच्यावर कोणी हसणार नाही.

ती गोष्ट सात शब्दांची आहे. एकोणीस वर्षांची होते. भर उन्हाळ्यात, चालू गाडीच्या उघड्या बॉनेटपाशी उभी राहून, चार परक्या माणसांसमोर मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "बाबाले कुठं ऐकू येते? ऐकते तर मी!"

बाबा म्हणजे माझे वडील. गाड्यांचे मिस्त्री. आणि मिस्त्री म्हणून त्यांची ओळख एकच होती, त्यांचा कान.

हे आत्ता आठवायचं कारण अगदी क्षुल्लक आहे. यंदा फेब्रुवारी संपायच्या आतच नागपूरने गोधड्या गुंडाळायला लावल्या. दुपारी दाराची कडी हाताला चटकायला लागली. माझी नात मितू मिहानमधल्या एका कंपनीत जाते, सुट्टीच्या दिवशी तिने गच्चीवरून कूलर खाली आणला, नवी खस बसवली, टाकीत पाणी भरलं आणि खिडकीबाहेरून ओरडली, "आजी, पंपाचा आवाज येऊन राहिला का वं?"

"येऊन राहिला ना! मस्त येऊन राहिला."

मितूने खिडकीतून डोकं आत घातलं. तिच्या हातात पंपाची वायर होती, प्लगसकट.

"आजी, अजून लावलाच नाही मी."

"मले माहीत आहे. तुझी परीक्षा पाहून राहिली होती," मी म्हटलं. मितू हसली. मीही हसले. पण पकडले गेले होते. आणि गंमत अशी की एकदा मीही एका माणसाला अगदी असंच पकडलं होतं.

ज्यांनी कार्बोरेटर पाहिलेला नाही, म्हणजे आता जवळजवळ सगळ्यांनीच, त्यांच्यासाठी सांगते. जुन्या गाडीच्या इंजिनाला नुसतं पेट्रोल पाजून चालत नसे. हवेत मिसळून, त्याचा फवारा करून द्यावं लागे. ते मिसळणारं लहानसं भांडं म्हणजे कार्बोरेटर. पेट्रोल जास्त झालं की गाडी काळा धूर ओकते, हवा जास्त झाली की खोकते आणि तापते. मधली बरोबर जागा एका स्क्रूवर असते, आणि ती जागा ऋतूप्रमाणे सरकते. थंडीतली हवा दाट, उन्हाळ्यातली पातळ. जानेवारीत जे पेट्रोल पुरत नाही, तेच एप्रिलमध्ये जड होतं. आमच्याकडे थंडी आणि उन्हाळा यांच्यामध्ये जेमतेम आठवडाभर जागा असते. म्हणून होळीच्या आधी बाबांच्या टिनाच्या शेडसमोर गाड्यांची रांग लागे. सगळ्यांचं दुखणं एकच. "मिस्त्री, सिग्नलवर उभी राहिली की बंद पडून राहिली."

स्क्रूचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. बाबा एका वेळी पाव आट्याच्या पुढे कधी जात नसत. लग्नानंतर आई पहिल्यांदा शेडवर गेली तेव्हा बाबा बॉनेटखालून म्हणाले, "पाव आटा दे," आणि ती घरी जाऊन पावशेर कणीक घेऊन आली, असं बाबा सांगायचे. आई हे शेवटपर्यंत नाकारत राहिली. पण ज्या तावाने नाकारायची, त्यावरून मला वाटतं की ती घेऊन गेली असणार.

आमचं शेड नंदनवनच्या अलीकडे होतं. तेव्हा तिथे शहर संपत असे. आमच्या लोकांनी दीक्षा घेतली त्या दिवशी मी चार वर्षांची होते आणि बाबांच्या खांद्यावर बसले होते. त्या दिवसाबद्दल लोक मला अजून विचारतात आणि मी भरपूर सांगते. खरं म्हणजे मला काहीही आठवत नाही. फक्त खांदा आठवतो. घामाने ओला, टणक, आणि मी पडणार नाही याची पुरी खात्री देणारा.

त्या खांद्याला ग्रीसचा वास कायम असे. धरमपेठेतून, सिव्हिल लाइन्समधून गाड्या येत. त्यातले काही जण आमच्या माठातलं पाणी "आत्ताच घेतलं" म्हणून टाळायचे. पण बाबांचं डोकं बॉनेटखाली गेलं की हेच लोक बोलणं थांबवत. कुणी खोकायचं असलं तरी चार पावलं लांब जाऊन खोके. बाबा रबराच्या नळीचं एक टोक कानात धरत, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी नेत आणि डोळे मिटत. त्या शांततेत बाबा पाणी न पिणाऱ्यांपेक्षा उंच होत. त्यांना ती शांतता फार आवडायची. मला वाटतं, ते काम त्या शांततेसाठीच करत होते.

सगळ्यांत मानाची गाडी धरमपेठेतल्या एका वकीलसाहेबांची. इंग्रजांच्या काळात कुण्या खाणीच्या मॅनेजरने विलायतेहून आणवलेली, बाटलीच्या काचेसारखी हिरवी, लांब नाकाची. बाबांनी तिचं नाव ठेवलं होतं मेमसाहेब. मेमसाहेबला एक नाही, दोन कार्बोरेटर. दोघांनी सारखाच श्वास ओढायला हवा. एकाने जास्त ओढला की दुसरा रुसतो आणि गाडी लंगडते. नळीतून दोघांचे श्वास ऐकायचे, स्स्स आणि स्स्स, आणि पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे करत ते जुळवायचे. जुळले की दोन आवाजांचा एक होतो, आणि मग तोही ऐकू येईनासा होतो. ट्यूनिंग म्हणजे शेवटी आवाज नाहीसा करायची कला. हे वाक्य माझं नाही, बाबांचं आहे. त्यांच्या तोंडी ते असं होतं: "आवाज गेला म्हंजे गाडी लागली."

त्या वर्षी माझी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली होती आणि निकाल लागेपर्यंत बाबांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे होतं. डोक्याला ओढणी गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून ओढणीच्या गाठीत कांदा बांधून मी सायकलने जायची. एक दिवस पोचले तर गाडीचा मालक पान खायला कोपऱ्यावर गेलेला. बाबा एकटेच वाकलेले, नळी कानाला, डोळे मिटलेले, हळूहळू मान डोलावत. "हाव... हाव... असं," असं स्वतःशी म्हणत.

इंजिन बंद होतं. ते मघाच कधीतरी बंद पडलं होतं. पुढचा पंखाही फिरत नव्हता. आणि बाबा ऐकत होते.

मी म्हटलं, "बाबा, गाडी बंद आहे." मग पुन्हा म्हटलं. मग जाऊन हात लावला. त्यांनी डोळे उघडले, पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चोरी करताना सापडलेल्या माणसाचा चेहरा मी आधी पाहिला नव्हता, आणि तो आपल्या बापाचा असू शकतो हे तर डोक्यातही नव्हतं.

"डबा ठेव अन् घरी जाय," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मला एकेक गोष्ट आठवत गेली. घरी बाबा आताशा नुसते हसतात, उत्तर देत नाहीत. आईचं बोलणं तोंडाकडे पाहून ऐकतात. त्यांच्या पेचकसाच्या, म्हणजे स्क्रूड्रायव्हरच्या, लाकडी मुठीवर दातांचे खोल वळ होते. पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवून मूठ दातांत धरली की हाडांतून थोडं ऐकू येतं, म्हणून. वीस-बावीस वर्षं इंजिनांपाशी झिजलेला कान त्यांनी कधीपासून दातांवर निभावून नेला होता, कोण जाणे.

दोन दिवसांनी सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, "आज लवकर ये वं. जुने कपडे घालून ये."

तो उन्हाळा असा सुरू झाला. मालक यायच्या आधी बाबांनी मला नळीने ऐकायला शिकवलं. आठवड्याभरात मी नळीशिवाय ऐकायला लागले. मग खूण ठरली. माझा हात बाबांच्या उजव्या खांद्यावर. एक टिचकी म्हणजे पाव आटा आत. दोन टिचक्या म्हणजे पाव आटा बाहेर. आणि पूर्ण तळवा पसरून ठेवला म्हणजे बस्स, काम झालं. नळी बाबांच्याच कानात राही, देखाव्यापुरती. मालकाला दिसे ते इतकंच की मिस्त्री वाकलेले आहेत आणि त्यांची लाडावलेली पोरगी बापाच्या खांद्यावर हात ठेवून रेंगाळते आहे.

"मिस्त्री, पोरीले उन्हात काहून उभी करता? काळी होऊन जाईन," असं एकजण म्हणाला होता. बाबांनी ऐकलं नाही. मी ऐकलं, आणि त्याच्या गाडीला एक टिचकी जास्त दिली. पुढच्या चौकापर्यंत खोकत गेली. परत आला तेव्हा नीट करून दिली. अशी मी होते.

आता खरं सांगते. तेवढा आनंद मला पुढे कशातच झाला नाही. लग्नात नाही, नोकरीत नाही, मुलाला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा झाला असं म्हणायची पद्धत आहे म्हणून तसं म्हणते. टिन तापून वरून कडकड वाजायचं. पेट्रोल नळीतच उकळू नये म्हणून मी इंजिनातल्या पंपावर ओली फडकी टाकत असे आणि ती डोळ्यांदेखत सुकत. आणि त्या सगळ्या भट्टीत, माझ्या तळव्याखाली तो खांदा असायचा आणि कानात दोन श्वास जवळजवळ येत असायचे. एका दुपारी भाकरी खाताना बाबा म्हणाले, "कान आहे तुले." एवढंच म्हणाले. मिरची चावली आणि पुढचा घास घेतला.

शहाण्या मुलीला तेवढं पुरलं असतं. पण आमच्या बाईसाहेब! मॅट्रिकला दुसरा वर्ग, बी.ए. अडखळत चाललेलं, दिसायला बेताची, गाणं येत नाही, भरतकाम येत नाही. जगात एकच गोष्ट तिला इतरांपेक्षा चांगली येत होती आणि ती गुपचूप करायची होती. तिला वाटायचं, लोकांनी पाहावं. निदान एकाने तरी विचारावं. रोज आरशासमोर ओढणी नीट करून शेडवर जाणाऱ्या त्या उंटिणीला आज मी भेटले, तर तिच्या तोंडात ओल्या फडक्याचा बोळा कोंबीन.

मे महिन्यात वकीलसाहेबांच्या मुलीचं लग्न निघालं. वरातीला मेमसाहेबच हवी होती. साहेब गाडी घेऊन आले, बरोबर मुलाकडचे तिघे पाहुणे. बाबा वाकले, मी खांद्यावर हात ठेवला, आणि साहेब पाहुण्यांना सांगू लागले, "आमच्या मिस्त्रीला मशीन लागत नाही, मीटर लागत नाही. कान! असा कान तुम्हाला सबंध जुन्या मध्य प्रांतात सापडणार नाही." पाहुणे म्हणाले, "वा उस्ताद!" एकाने तर आपल्या कानाच्या पाळीला हात लावला, गवयाचं नाव घेताना लावतात तसा.

बाबांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. म्हणजे एवढी स्तुती फुकटच जात होती. असं त्या शहाणीला वाटलं.

एक टिचकी. दोन. पुन्हा एक. श्वास जुळले, एक झाले, नाहीसे झाले. मी तळवा पसरला. मेमसाहेब इतकी शांत चालत होती की मडगार्डवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हलत नव्हतं. आणि त्या शांततेत, जी मीच केली होती, मी ते सात शब्द बोलले. ओरडूनच बोलले. दोन महिने बाबांच्या कानाशी ओरडून ओरडून माझा आवाज त्यांच्या कानाच्या मापाचा झाला होता, आणि माझं तोंड तेव्हाही तिथेच होतं, त्यांच्या कानापासून वीतभर.

साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग बाबांच्या पाठीकडे पाहून हळूच म्हणाले, "मिस्त्री." बाबा वळले नाहीत. साहेब पुन्हा म्हणाले, "अहो मिस्त्री." नाही.

मग साहेब हसले. "म्हणजे इतके दिवस आम्ही एका पोरीच्या भरवशावर फिरत होतो का काय?" पाहुणे हसले. वाईट नव्हते हसले, लग्नघरचं हसणं होतं. माझ्या हाताखाली खांदा होता. तो हलला नाही. बाबा तसेच वाकलेले होते, नळी कानात. चला, मी मनात म्हटलं, त्यांना ऐकू नाही आलं.

वरातीत मेमसाहेब एकदाही अडखळली नाही. त्याने काय होतं? पाऊस गेला, थंडी गेली, आणि पुढच्या होळीच्या आधी शेडसमोर रांग लागली नाही. लोक "बहिऱ्याचं शेड" म्हणायला लागले होते. आणि माझी अक्कल पाहा: मला वाटत होतं, आता लोक मला बोलावतील. धुतलेले कपडे घालून, वेणी घालून मी रोज शेडच्या दारात बसायची. जुन्या गिऱ्हाइकांपैकी एकजण आला, आत डोकावला आणि म्हणाला, "मिस्त्री नाहीत?"

"बाहेर गेले. मी करून देते ना."

"नको नको, घाई नाही," तो म्हणाला, आणि गाडी खोकत खोकत दुसरीकडे घेऊन गेला. बाबांचा कान त्यांनी काढून घेतला होता आणि माझा त्यांना नको होता. सात शब्दांत मी दोघांनाही बेकार केलं होतं.

आई एकदाच बोलली. "तुझ्या तोंडाले बी एक स्क्रू पाहिजे होता वं. पाव आटा आत घेतला असता तं भागलं असतं."

बाबांनी शेडला कुलूप घातलं. ते ट्रकांचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, बसवायच्या कारखान्यात लागले. दिवसभर लोखंडावर घण. तिथे कान लागत नाही, नसलेलाच बरा. नळी खुंटीवर वाळत गेली, तिला चिरा पडल्या. मी पुढे बी.ए., बी.एड. झाले, शाळेत शिकवलं, मुलांना "हळू बोला" म्हणत निवृत्त झाले. इतक्या वर्षांत मी स्वतःला एकच गोष्ट घोकून सांगितली होती, की त्यांना ऐकू आलं नव्हतं. बहिऱ्या माणसाशी केलेला गुन्हा तेवढा तरी स्वस्तात सुटावा, नाही का?

कूलरच्या त्या प्रसंगानंतर मितू मला धरमपेठेत जुन्या गाड्या पाहायला घेऊन गेली. हौशी लोक रविवारी सकाळी आणतात, चकचकीत पुसून. तिथे मेमसाहेबच्या जातीची एक होती, तांबडी. दोन कार्बोरेटर, उघडं बॉनेट. मालक तरुण होता, हातात कसलंसं मीटर. मी वाकले. काही नाही. स्स्स नाही, काहीच नाही. जणू ती जन्मतःच ट्यून झालेली. मी तळहात बॉनेटच्या कडेवर ठेवला तेव्हा कळलं, गाडी लंगडते आहे. चांगलीच. मी म्हणाले, "मागचा जास्त ओढून राहिला. पाव आटा आत घे." तो काहीतरी म्हणाला. मी हसले. तो पुन्हा म्हणाला. मी पुन्हा हसले. तेव्हा मितू माझ्या डोक्यावरून त्याला म्हणाली, "आजीला ऐकू कमी येतं हो, जरा जोरात बोला."

पोरगी गुणी आहे. तिच्या मनात काही नव्हतं. मी गाडीकडेच पाहत राहिले. खांदा हलू दिला नाही.

घरी आल्यावर तिने मागच्याच महिन्यात आणलेलं कानाचं मशीन पुन्हा काढून दिलं. शेंगदाण्याएवढं आहे. मी ते डबीसकट कपाटात ठेवलं आहे, दातांचे वळ असलेल्या त्या पेचकसाशेजारी. "आजी, काहून लावत नाही वं तू?" ती रोज विचारते. तिला काय सांगू? मशीन लावलं की पहिल्या दिवशी काय काय ऐकू येतं, ते मला माहीत आहे. मी पाहिलं आहे.

शाळेत लागल्यावर मी पहिलं काम केलं ते बाबांना मशीन घेऊन द्यायचं. तेव्हाचं मशीन म्हणजे सदऱ्याच्या खिशात काडेपेटीएवढी डबी आणि तिच्यातून कानात गेलेली वायर. असाच उन्हाळा होता. खिडकीत वाळ्याची ताटी, तिच्यावरून पाणी ठिबकत होतं. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. ठिबकणं ऐकलं. कावळा ऐकला. स्वयंपाकघरात आईच्या बांगड्या आणि तिची पुटपुट ऐकली आणि हसून म्हणाले, "तुझी माय अजून तेच बोलून राहिली वं." मीही हसले. इतकं हलकं वाटलं की मी विचारलं, "बाबा, साफ येऊन राहिलं ना सगळं?"

बाबांनी खिशातल्या डबीवरचं चाक दोन बोटांनी धरलं आणि सवयीने अगदी थोडं फिरवलं, पाव आटा. मग माझ्याकडे पाहत, आपला आवाज आपल्यालाच नवा असल्यासारखे, हळू बोलले.

"साफ येऊन राहिलं. त्या उन्हाळ्यात बी एकदा असंच साफ आलं होतं मले. तू तळवा ठेवला होता, काम झालं होतं. मग बोलली काहून वं पोरी?"